जुनी जीप: आधी ती सुरू होऊ द्या, टायरचं नंतर बघू

पावसाळा तोंडावर आला की जुन्या जीपच्या मालकांना टायरची स्वप्नं पडू लागतात. मोठ्या गुठळ्यांचे, रुंद, काळेभोर टायर. ते घातले की गाडी कुठंही चढेल असं वाटतं, आणि फोटोत तर ती चढलेलीच दिसते. पण ओढ्याच्या मधोमध इंजिन बंद पडलं आणि किल्ली फिरवल्यावर नुसतंच ‘टक्’ वाजलं, तर खालचे टायर कितीही महागाचे असोत, ट्रॅक्टरचीच वाट बघावी लागते. म्हणून खर्चाचा क्रम असा ठेवा: गाडी आधी हमखास सुरू व्हायला हवी, टायरचे पैसे त्यानंतर.

इथं मी मुख्यतः महिंद्राच्या जुन्या डिझेल जीपबद्दल लिहितोय. एमएम ५४०, एमएम ५५०, मेजर, पहिल्या पिढीतली थार डीआय. शेतावर राबलेल्या, लष्कराच्या लिलावातून आलेल्या, तीन मालक आणि दहा मिस्त्री पाहिलेल्या गाड्या. मारुती जिप्सीची गोष्ट वेगळी आहे, तिच्याबद्दल ओघात थोडं येईल.

पहिलं काम म्हणजे आपल्या गाडीत इंजिन कुठलं आहे ते नक्की करणं. एमएम ५४० मध्ये मूळचं प्यूजोच्या घराण्यातलं २११२ सीसीचं डिझेल इंजिन असायचं, एमएम ५५० मध्ये २४९८ सीसीचं एक्सडी३पी, आणि नंतरच्या बऱ्याच गाड्यांत महिंद्राचं २५२३ सीसीचं डीआय. पण इतक्या वर्षांत या गाड्यांची इंजिनं इकडची तिकडं झालेली असतात, तेव्हा बॉनेट उघडूनच बघा. (इंजिन नंबर आरसीशी जुळत नसेल तर ती डोकेदुखी आरटीओची, ती वेगळी.) हेडवर प्रत्येक नोझलजवळ एक बारीक हीटर प्लग आणि ते सगळे जोडणारी पट्टी किंवा वायर दिसली, तर इंजिन प्यूजो जातीचं. यात डिझेल आधी हेडमधल्या छोट्या कप्प्यात फवारलं जातं. त्या कप्प्याच्या गार भिंती हवेतली उष्णता शोषून घेतात, म्हणून सकाळी हीटरची मदत लागते. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावरच्या वाटीत जातं, उष्णता कमी वाया जाते आणि बहुतेक जुन्या डीआय इंजिनांना हीटर प्लग दिलेलेच नसतात. ही जात ठाऊक नसेल तर मिस्त्रीचा निम्मा सल्ला तुमच्या गाडीला लागूच होत नाही.

डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. त्याला तीन गोष्टी हव्यात: पुरेशा वेगानं फिरणं, दाबून तापलेली हवा, आणि वेळेवर पोचलेलं डिझेल. गाडी सुरू होत नाही तेव्हा या तिन्हींपैकी कुठली गोष्ट हरवली आहे एवढंच शोधायचं असतं. पण होतं काय, की आधी नवी बॅटरी येते, मग सेल्फ उघडला जातो, मग पंप लॅबमध्ये जातो, आणि शेवटी कळतं की चेसीसला जोडलेली अर्थची पट्टी गंजून तुटायला आली होती.

इंजिन फिरतच नाही

हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. याला कुठलंही हत्यार लागत नाही. दिवे पार विझले तर बॅटरी रिकामी आहे किंवा टर्मिनल सैल आहे. दिवे मंद होऊन इंजिन रडतखडत फिरलं तर बॅटरी अशक्त, किंवा सेल्फ प्रमाणाबाहेर करंट खातोय. दिवे लख्ख राहिले आणि खालून काहीच हालचाल झाली नाही, तर करंट सेल्फपर्यंत पोचतच नाही: किल्लीचा स्विच, सोलेनॉइडकडं जाणारी बारीक वायर, किंवा सोलेनॉइड. आवाजही ऐका. टकटकटक अशी भराभर टकटक म्हणजे व्होल्टेज कमी. एकच जोरदार ‘टक्’ म्हणजे सोलेनॉइड ओढला गेला, पण पुढं करंट गेला नाही किंवा सेल्फ अडकलाय.

एक साधा मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जेमतेम निम्मी, १२ च्या खाली म्हणजे चार्जिंगला लावा. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली घसरला तर बॅटरी जुन्या डिझेलला पुरी पडणार नाही. या इंजिनांना ८० अँपिअर-अवरच्या आसपासची बॅटरी लागते. पैसे वाचवायला कारची छोटी बॅटरी बसवलेली जीप मे महिन्यात बरी चालते आणि डिसेंबरात दगा देते. इंजिन सुरू झाल्यावर मीटरवर १३.८ ते १४.४ दिसायला हवं. नाही दिसलं तर दोष अल्टरनेटरचा, बॅटरीला शिव्या देऊ नका.

आता अर्थ. जुन्या जीपमध्ये इथंच सगळ्यात जास्त वेळ घालवावा असं माझं मत आहे, कारण बहुतेक मिस्त्री इथं सगळ्यात कमी वेळ घालवतात. सेल्फला लागणारा शेकडो अँपिअर करंट बॅटरीच्या निगेटिव्हवरून चेसीसला, आणि चेसीसवरून एका वेणीच्या पट्टीनं इंजिनाला जातो. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळं ती पट्टी हीच त्याची खरी वाट. चिखल, पाणी आणि वर मारलेला रंग यांनी ती वाट बंद होत जाते. तपासणी सोपी आहे: मल्टिमीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनाच्या खरवडलेल्या उघड्या लोखंडावर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब. मीटर नसेल तर जंप केबलची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हवरून सरळ इंजिनाला लावून बघा. मघाशी रडणारा सेल्फ ताडकन फिरला तर पट्टी बदला, आणि बसवताना दोन्ही टोकांखालचा रंग चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, कोरडं करा, आवळा आणि वरून व्हॅसलीन लावा.

सेल्फच्या बॉडीवर पान्यानं हलकं ठोकल्यावर तो फिरला तर त्याचे कार्बन संपत आलेत. ही युक्ती घरी पोचण्यापुरती आहे, महिनाभर चालवण्याची नाही. सेल्फ नुसता घुर्र करून फिरतो आणि इंजिन हलत नाही, तेव्हा बेंडिक्स पकडत नाही किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दात गेलेत. इंजिन नेहमी ठरावीक दोन-तीन जागांवरच थांबतं, त्यामुळं दात तिथंच झिजतात. गिअरमध्ये टाकून गाडी थोडी ढकलली आणि मग सेल्फ लागला तर दोष रिंगचा समजा. जीपचा सेल्फ खाली असतो; ओढ्यातून पाच-दहा वेळा गेलेल्या गाडीच्या सेल्फमध्ये गाळ निघतोच. पावसाळा संपला की तो एकदा उतरवून, धुऊन, बुश आणि कार्बन बघून बसवून घेणं हा वर्षाचा ठरलेला खर्च समजा.

गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी उतरते, ही तक्रारही नेहमीची. जुन्या मालकानं लावलेले फॉग लॅम्प, एअर हॉर्न, टेप यांतलं काहीतरी गुपचूप करंट पीत असतं. शोधत बसायचं नसेल तर बॅटरीला कटऑफ स्विच लावा. तो स्वस्त असतो, आणि जुन्या वायरिंगला आग लागण्याची भीतीही त्यानं कमी होते.

फिरतंय, पण सुरू होत नाही

इंजिन जोरात फिरतंय आणि तरी पेटत नाही, तेव्हा मागं जाऊन सायलेन्सरकडं बघा. सेल्फ मारताना धूर अजिबात नसेल तर डिझेल आत पोचत नाही. पांढरा धूर येत असेल तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही, म्हणजे उष्णता कमी: हीटर, कॉम्प्रेशन किंवा टायमिंग. एवढ्या एका निरीक्षणानं पंपवाल्याकडची फेरी वाचते किंवा पक्की होते.

धूर नाही, तर आधी स्टॉपची व्यवस्था बघा. जुन्या गाड्यांत ओढायची स्टॉप केबल असते. ती अर्धवट ओढलेली अडकली तर पंप बंदच राहतो. नंतरच्या गाड्यांत पंपावर स्टॉप सोलेनॉइड असतो. किल्ली चालू केल्यावर त्यातून बारीक ‘टिक्’ ऐकू यायला हवं. आवाज नसेल तर त्याच्या वायरवर १२ व्होल्ट येतात का ते तपासा. यातून आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. बॅटरी पार मेली असेल तर अशा सोलेनॉइडची गाडी धक्का मारूनही सुरू होत नाही, कारण डिझेलची वाटच बंद असते. केबलची गाडी मात्र उतारावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये सहज सुरू होते. मल्टिपॉइंट इंजेक्शनच्या जिप्सीलाही पंप आणि संगणकापुरता करंट लागतोच. धक्का मारताना ध्यानात ठेवा की इंजिन बंद असताना ब्रेकचा बूस्टर फार काळ साथ देत नाही. घाटाच्या उतारावर हा प्रयोग नको.

मग हवा. गॅरेजच्या भाषेत गाडीनं ‘एअर धरली’. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत पिनेच्या टोकाएवढं छिद्र असलं तरी रात्रभरात हवा आत शिरते आणि डिझेल मागं टाकीत उतरतं. ओळख अशी: संध्याकाळी टिचकीसरशी सुरू होणारी गाडी सकाळी लांबलचक सेल्फ मागते, आणि तोंड चढाकडं करून उभी केली की जास्तच. हवा काढायला फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू सैल करा, हँडपंप मारत राहा, फेस जाऊन स्वच्छ डिझेलची धार आली की पंप मारता मारताच स्क्रू आवळा. एवढ्यानं नाही झालं तर नोझलचे नट एकेक करून थोडे सैल करून सेल्फ मारा आणि डिझेल आलं की आवळा. या वेळी हात आणि तोंड लांब ठेवा. नोझलच्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत जातं, आणि तशी जखम दिसायला किरकोळ असली तरी थेट दवाखान्यात जावं लागतं.

रोज हवा काढायची वेळ येत असेल तर ती कुठून शिरते ते शोधायला हवं. फिल्टरनंतर हातभर पारदर्शक नळी घाला, म्हणजे बुडबुडे डोळ्यांना दिसतील. त्याहून निर्णायक चाचणी म्हणजे पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेऊन कॅन इंजिनापेक्षा उंच बांधायचा आणि त्याची नळी सरळ पंपाला द्यायची. गाडी एकदम गुणी झाली, तर पंप निर्दोष आहे आणि रोग टाकी, जाळी, नळ्या किंवा फिल्टरमध्ये आहे. तरीही हट्ट सोडला नाही, तरच पंप उतरवा. पंप-नोझलचं काम महागडं असतं, आणि या चाचणीला एक कॅन व दोन मीटर नळी लागते. बॅन्जो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर, तडकलेल्या रबरी नळ्या, फिल्टरच्या वाटीचं रबर हे नेहमीचे आरोपी. टाकी जुनी असेल तर खडबडीत वाटेवर तळातला गंज ढवळून वर येतो आणि जाळी बंद करतो: सपाटीवर ठीक चालणारी गाडी डोंगरात बंद पडते, तासाभरानं गाळ खाली बसला की पुन्हा सुरू होते. याला पंपवाला काय करणार? टाकी उतरवून धुवा.

पांढरा धूर येत असेल आणि इंजिन प्यूजो जातीचं असेल तर हीटर प्लग तपासा. त्यांना जोडणारी पट्टी काढा, टेस्ट लॅम्पची एक वायर बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा, दुसरी एकेका प्लगच्या टोकाला. दिवा लागला तर प्लगची तार शाबूत, नाही लागला तर तो मेला. चारपैकी एक मेला तर गाडी खोकत का होईना सुरू होते, दोन गेले की गार हवेत फजिती. कोकणात राहणाऱ्याला मेलेल्या हीटरचा वर्षभर पत्ता लागत नाही. तीच गाडी जानेवारीत निफाडला मुक्कामी न्या, म्हणजे कळेल.

इथं एक इशारा. स्टार्टिंग स्प्रे किंवा पेट्रोलचा बोळा एअर क्लीनरपाशी धरून गाडी पेटवणारे मिस्त्री अजून आहेत. हीटर प्लग तापलेले असताना तो वायू अवेळी पेटतो आणि पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट यांपैकी काहीतरी फोडतो. कुणी आग्रह केला तरी करू देऊ नका.

हीटर, डिझेल, सेल्फ सगळं ठीक असून सकाळी भसाभस पांढरा धूर येत असेल तर कॉम्प्रेशन गेलंय का ते बघा. चालत्या इंजिनाचं ऑइलचं झाकण उघडा. वाफेचे जोरदार हबके बाहेर येत असतील तर ते बॅक कॉम्प्रेशन, म्हणजे रिंगा-बोअरचं काम निघालं. त्याआधी टॅपेटचा गॅप मात्र तपासून घ्या. व्हॉल्व्ह नीट बसत नसल्यानं कॉम्प्रेशन जात असेल तर काम पुष्कळ स्वस्तात आटपतं.

उलटी तक्रारही असते: गार असताना लगेच सुरू, गरम झाल्यावर नाही. यात सेल्फ गरम होऊन मंद फिरत असेल तर बुश आणि कार्बन बघा. सेल्फ जोरात फिरूनही सुरू होत नसेल तर रोटरी पंप झिजल्याचा संशय घ्या. गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या भागांतून निसटतं, दाब तयारच होत नाही. इंजिन बंद ठेवून पंपावर दहा-पंधरा मिनिटं ओलं फडकं टाका. त्यानंतर गाडी सुरू झाली तर पंपवाल्याकडं जायची वेळ आलेली आहे.

कार्ब्युरेटरच्या जुन्या जिप्सीत पावसाळी सकाळी आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी आणि प्लगच्या वायरी कोरड्या फडक्यानं पुसा. निम्म्या वेळा तेवढंच पुरतं.

पाण्यात आणि चढावर

पाण्यात इंजिन बंद पडलं तर पुन्हा सेल्फ मारायचा मोह आवरा. एअर क्लीनर उघडून बघा. तो आतून ओला असेल तर पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं. डिझेल इंजिन हवा अठरा-वीस पटींनी दाबतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळं वाकतो तो कनेक्टिंग रॉड. गाडी ओढून बाहेर काढा, हीटर प्लग किंवा नोझल काढा, मग सेल्फ मारून पाणी बाहेर फेकू द्या. ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

चढावर बंद पडलेली जीप सुरू करायची जुनी रीत आहे, ती शिकून ठेवावी. ब्रेक दाबून ठेवून ट्रान्सफर केस लोमध्ये आणि गिअर पहिल्यात घ्या, क्लच पूर्ण सोडा, आणि ब्रेक हलकेच सोडत सेल्फ मारा. सेल्फच गाडीला इंचभर पुढं ढकलतो आणि इंजिन पेटतं. क्लचशी झटापट नाही, गाडी मागं घसरणं नाही. मागं उतरायचं असेल तर हेच रिव्हर्समध्ये. जुन्या जीपला क्लचचा स्विच नसतो म्हणून हे जमतं. पण यात सेल्फवर फार ताण येतो. एका वेळी काही सेकंदच, आणि एरवीही दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा-एक मिनिट त्याला गार होऊ द्या.

आता टायर

गाडी वर्षातले किती दिवस डांबरावर चालते आणि किती दिवस चिखलात, हे प्रामाणिकपणे मोजा. बहुतेकांचं उत्तर डांबर, मग मुरमाचे रस्ते, मग शेताची पाणंद, आणि खरा चिखल वर्षातून थोडे दिवस, असं येतं. तसं असेल तर ऑल-टेरेन टायर घ्या आणि मड-टेरेनचं वेड सोडा. मड-टेरेनच्या गुठळ्यांमध्ये मोठ्या फटी असतात, त्यामुळं ओल्या डांबरावर टेकणारं रबर कमी पडतं. ताम्हिणी किंवा आंबोलीच्या पावसाळी वळणावर ब्रेक दाबल्यावर त्याचा अर्थ कळतो. वर आवाज, डिझेलचा खर्च आणि लवकर झीज.

कुठल्या मातीत जाणार यावरही पुष्कळ ठरतं. कोकणात लाल मातीच्या पातळ थराखाली जांभा किंवा कातळ असतो. तिथं बारीक टायर चिखल कापून खालच्या घट्ट थराला जाऊन टेकतो. जुन्या जीपना ६.००-१६ असा सहा इंच रुंदीचा टायर असायचा तो काही उगाच नाही. जांभ्याच्या धारदार कडा मात्र टायरच्या बगला चिरतात, आणि बगलेचा चिरा दुरुस्त होत नाही. म्हणून तिथं नक्षीपेक्षा बगलेची ताकद बघा, सहा किंवा आठ प्लायचा टायर घ्या. मराठवाडा-विदर्भातल्या काळ्या मातीत हिशेब उलटतो. खाली लवकर टणक थर लागत नाही, बारीक टायर रुततच जातो, आणि मड-टेरेनच्या फटीही दोन फेऱ्यांत लिंपून सपाट होतात. तिथला माझा सल्ला टायरबद्दलचा नाहीच: वाफसा आल्याशिवाय शेतात गाडी घालू नका. वाळूवर रुंद टायर आणि कमी हवा चालते, पण हौस म्हणून समुद्रकिनाऱ्यावर गाडी नेऊ नका. गोव्यात ते कायद्यानं बंद आहे, रायगड-रत्नागिरीतही पोलीस गुन्हे दाखल करतात, आणि भरतीला तुमच्या टायरची नक्षी दिसत नाही.

माप वाढवायचा विचार असेल तर आधी आकडेमोड करा. २१५/७५ आर १५ या टायरचा व्यास सुमारे ७०३ मिलिमीटर भरतो. २३५/७५ आर १५ घेतला तर ७३३, म्हणजे सव्वाचार टक्के वाढ. निरोगी गाडीला ही झेपते. ३१ इंची टायर घेतला तर ७८७ मिलिमीटर, जवळजवळ १२ टक्के वाढ. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी ६७ ने पळत असेल, चढावर प्रत्येक गिअर तेवढाच अशक्त वाटेल, आणि थांबवायला मात्र तेच जुने ड्रम ब्रेक. शिवाय जड चाक वळवून किंगपिन, स्टिअरिंग बॉक्स आणि हाफ शाफ्ट लवकर हात टेकतात. कायद्याचंही बघा: सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस टायरवरचा आकडा नक्की वाचतो.

जुन्या टायरबद्दल फसवणूक सर्वांत जास्त होते. जीप वर्षातून थोडीच चालते, त्यामुळं नक्षी भरपूर शिल्लक असते, पण रबर वाळून लाकूड झालेलं असतं. बगलेवर लंबगोलात चार अंक असतात; २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. सहा वर्षं उलटली की दर वर्षी भेगा तपासा, दहा वर्षांचा टायर नक्षी कशीही असली तरी काढून टाका. लिलावातले किंवा भंगार बाजारातले ‘नवेकोरे’ टायर घेताना हे चार अंक आधी वाचा. पुढच्या चाकांना रिमोल्ड टायर घालू नका.

ट्यूबलेस घ्यायचा असेल तर रिमही ट्यूबलेसची हवी. तिच्या आतल्या कडेला एक उंचवटा असतो, तो हवा कमी असताना टायरला जागेवर धरून ठेवतो. जुन्या लष्करी रिमांना ट्यूबच घाला. ट्यूबच्या टायरमध्ये चिखलासाठी हवा २० पौंडांच्या फार खाली नेऊ नका, कारण टायर रिमवर सरकला की ट्यूबचा वॉल्व्ह मुळापासून तुटतो. ट्यूबलेसमध्ये १८ पर्यंत उतरता येतं. कमी हवेवर वेग तीस-चाळीसच्या पुढं नको, आणि डांबर लागलं की पहिल्यांदा हवा भरा. म्हणजे बॅटरीवर चालणारा छोटा पंप गाडीत हवाच, आणि तो चालायला बॅटरी धड हवी.

शेवटचं स्टेपनीचं. या गाड्यांमध्ये फोर-व्हील लावलं की पुढचा आणि मागचा एक्सल एकमेकांना घट्ट जोडले जातात, मध्ये डिफरेन्शियल नसतं. चारांतलं एक चाक लहान-मोठं असेल तर त्याचा ताण ट्रान्सफर केसवर येतो. त्यामुळं टायर चार नाही, एकाच मापाचे पाच घ्यायचे. बजेटमध्ये पाच बसत नसतील तर एक पायरी स्वस्त टायर घ्या, पण पाचच घ्या. आणि गाडी घरी आणल्यावर स्टेपनी एकदा खाली उतरवा, हवा मोजा, चाकाचे नट तुमच्या पान्यानं सुटतात का आणि जॅक नव्या टायरच्या उंचीला पुरतो का ते अंगणातच बघून घ्या.